फडफडणारी पट्टी बाद झालेली नसते

पिक्सल एलईडीची पट्टी नाचायला लागली की मंडळाची पोरं एकच गोष्ट सांगत येतात : "ताई, पट्टी बाद झाली ना वो, पुरी फडफडून रायली." गुंडाळी काउंटरवर ठेवतात आणि नवी केवढ्याला पडेल ते विचारतात. मी आधी उलट विचारते : फडफड कुठून सुरू होते? पहिल्या दिव्यापासून, मधूनच, की शेवटाकडे? बहुतेकांनी ते पाहिलेलंच नसतं. पाहिलं असतं तर निम्मी दुरुस्ती गावातच झाली असती. कारण अशी पट्टी सहसा चांगलीच असते. तिला मिळणारी वीज किंवा तिला मिळणारा हुकूम, दोहोंपैकी एक काहीतरी वाटेत अडखळत असतं.

माझं दुरुस्तीचं दुकान आरमोरीत आहे. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केला, टीव्हीपासून सुरुवात केली आणि आता वर्षाचा मोठा भाग लायटिंगमध्ये जातो. गणपती, मग शारदा-दुर्गा, मग दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, आणि नाटकं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात कापणी होऊन बांध्या मोकळ्या झाल्या की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो. नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं वडसा-देसाईगंज. रात्री पडदा वर जातो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं, पाहुणे-सोयरे थंडीत शाली पांघरून बसलेले असतात. याच रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घरोघरी आनंद झाला होता. मंचाच्या चौकटीला, स्वागताच्या गेटला आता ही पळणारी, रंग बदलणारी पिक्सल लायटिंग लागते. पैसा वर्गणीचा असतो, माल बहुधा नागपूरहून येतो, आणि भामरागडसारख्या ठिकाणच्या मंडळाला तर गडचिरोली गाठायलाच दीडशे किलोमीटरच्या वर यावं लागतं. म्हणून चांगली पट्टी उकिरड्यावर गेलेली मला बघवत नाही.

साध्या एलईडी पट्टीत सगळे दिवे एकत्र पेटतात, एकत्र विझतात. पिक्सलच्या पट्टीत प्रत्येक दिव्याच्या पोटात एक बारीकशी चिप असते. पट्टीला तीन तारा : प्लस, मायनस आणि मधली डेटाची. बाजारात सर्वांत जास्त दिसणारी चिप डब्ल्यूएस २८१२ बी, पाच व्होल्टवर चालणारी. गेटला वापरतात त्या गोळीसारख्या पिक्सलच्या माळांत डब्ल्यूएस २८११ असते. काम दोघींचं सारखंच. कंट्रोलर सगळ्या दिव्यांचे हुकूम एकामागे एक एकाच तारेतून सोडतो. पंगतीत पत्रावळींची थप्पी पहिल्याच्या हातात देतात, तो वरची एक आपल्यापुढे ठेवतो आणि उरलेली थप्पी शेजाऱ्याकडे सरकवतो, तसंच इथे चालतं. पहिला पिक्सल आपले २४ बिट काढून घेतो, आठ हिरव्याचे, आठ लालचे, आठ निळ्याचे, आणि बाकीचे पुढे पाठवतो. एका बिटाला लागतात १.२५ मायक्रोसेकंद, एका पिक्सलला ३०. म्हणजे ३०० पिक्सलची पट्टी नऊ मिलिसेकंदांत पूर्ण भरते.

यातली नाजूक गोष्ट पुढेच आहे. 'एक' आणि 'शून्य' यांतला फरक फक्त एवढाच, की तारेवरचा व्होल्टेज साधारण ०.८ मायक्रोसेकंद वर राहिला की एक आणि ०.४ राहिला की शून्य. चिपला "काय म्हणालास?" असं परत विचारायची सोय नाही. तारेत जरा खरखर आली, की शून्याचा एक वाचला जातो, आणि तो दिवा क्षणभर भलत्याच रंगात पेटतो. पुढच्या फेरीत बरोबर हुकूम आला की सावरतो. फडफड म्हणतात ती बऱ्याचदा हीच, चुकीच्या वाचलेल्या हुकुमांची.

बऱ्याचदा म्हटलं, कारण दुसरं कारण विजेचं आहे आणि माझ्या अनुभवात मंडळांच्या लायटिंगमध्ये तेच जास्त सापडतं. दोन्हींतला भेद करायला एक सोपी परीक्षा आहे. कंट्रोलरवरून उजेड एकदम कमी करा, किंवा नुसता लाल रंग लावा. फडफड थांबली तर दोष विजेत. मंद उजेडातही तशीच राहिली तर दोष डेटात किंवा मायनसच्या जोडणीत. मी दुकानात हेच पहिलं करते, मीटर त्यानंतर हातात घेते.

आता विजेचं गणित. डब्ल्यूएस २८१२ बी चा एक पिक्सल पूर्ण पांढरा पेटला की जवळपास ६० मिलिअँपिअर घेतो, तिन्ही रंगांचे वीस-वीस. पाच मीटरच्या, मीटरला ६० दिवे असलेल्या पट्टीत ३०० पिक्सल. म्हणजे १८ अँपिअर! घरातला कूलरसुद्धा एवढा करंट ओढत नाही. आणि पोरं ती पट्टी चालवतात पंख्याच्या जुन्या वायरीने. समजा एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे पाच करून देणारा डबा, मंचामागे दहा मीटरवर ठेवला, दीड एमएमची तांब्याची वायर ओढली आणि पट्टी फक्त १० अँपिअर घेते आहे. या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. जाणारी दहा मीटर, येणारी दहा मीटर, मिळून वीस मीटरचा झाला ०.२४ ओहम. गुणिले १० अँपिअर, म्हणजे २.४ व्होल्ट वायरीतच संपले. पाचातले उरले २.६. प्रत्यक्षात पट्टी एवढं खाली जाऊच देत नाही, व्होल्टेज पडला की ती करंटच कमी घेते, मंदावते, चिपा गोंधळतात, आणि मग दिवे नाचायला लागतात.

पट्टीच्या आतली तांब्याची पट्टीही बारीक असते, म्हणून सुरुवातीला मिळालेला व्होल्टेज टोकापर्यंत आणखी घटत जातो. ते डोळ्यांना आधी रंगात दिसतं. सगळी पट्टी पांढरी लावा आणि शेवटाकडे बघा. तिथे पांढरा पिवळट, मग तांबूस होत गेला असेल तर व्होल्टेज पडला आहे हे मीटरशिवाय कळतं. लाल एलईडीला पेटायला साधारण दोन व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्याला तीनच्या आसपास लागतात. उपाशी पडतो तो आधी निळा. निळा एलईडी बनवणं मुळातच इतकं अवघड होतं की लाल आणि हिरवा येऊन कितीतरी वर्षं झाली तरी तो नव्हता. तो बनवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो निळा आला म्हणून आज एलईडीचा पांढरा उजेड आहे.

मीटर लावायचा तो पट्टी चालू ठेवून, पूर्ण पांढरा लावून आणि शेवटच्या टोकाला. एसएमपीएसवर पाच व्होल्ट दाखवतो म्हणून समाधान मानू नका. ते तर दाखवणारच. पाच व्होल्टच्या पट्टीच्या टोकाला साडेचारपेक्षा कमी आढळले की मी तिथे एसएमपीएसपासून वेगळी जोडवायर आणून प्लस-मायनस पुन्हा देते. तीनशे पिक्सलला दोन्ही टोकांना वीज द्यावी, जमलं तर मध्येही. जाड वायर घ्या, चार एमएमची. आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे एसएमपीएसच पट्टीजवळ न्या. लांबचं अंतर २३० व्होल्टच्या वायरीने कापा, पाच व्होल्टच्या वायरीने कापू नका.

हे पटवायला मला लांबचं उदाहरण द्यावं लागत नाही. आमच्या शेजारचं चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. तिथली वीज मुंबईकडे न्यायला चंद्रपूर ते पडघे अशी सुमारे साडेसातशे किलोमीटरची डीसी लाइन १९९९ मध्ये सुरू झाली, अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची, दीड हजार मेगावॉट वाहणारी. व्होल्टेज एवढा चढवतात, कारण तेवढीच वीज कमी करंटमध्ये जाते आणि वायरीतला घाटा करंटच्या वर्गाने कमी होतो. मंचावरही नियम हाच लागू. बारा व्होल्टची पट्टी घेतली तर वरच्याच वायरीतून तेवढेच ५० वॉट नेताना सुमारे सव्वाचार अँपिअर लागतात आणि घाटा एका व्होल्टवर येतो, तोही बारातला. म्हणून गेट, लांब मांडव, मंदिराचा कळस यांसाठी मी बारा व्होल्टचाच माल सुचवते. डब्ल्यूएस २८११ च्या बारा व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन दिवे एका चिपवर असतात, म्हणजे चित्र थोडं जाडसर दिसतं. रस्त्यावरून बघणाऱ्याला ते जाणवतही नाही.

दोन एसएमपीएस लावायची वेळ आली तर पट्टीचा प्लस मधून कापा, प्रत्येकाने आपापला तुकडा सांभाळावा. मायनस मात्र सगळ्यांचा एकत्र.

हा मायनस एकत्र नसणं, हे पोरांनी स्वतः केलेल्या जोडणीत हमखास सापडतं. कंट्रोलर मोबाईलच्या चार्जरवर, पट्टी एसएमपीएसवर, आणि मधे फक्त डेटाची एक तार. आता डेटाचा तीन किंवा पाच व्होल्ट हा कशाच्या मानाने मोजायचा? मोजायचा तो मायनसच्या मानाने. पट्टीचा मायनस वेगळाच असेल तर चिपला 'वर' आणि 'खाली' कळणार कसं? याची खूणही ठरलेली आहे : डेटाच्या तारेजवळ हात नेला किंवा तार हलवली की नाच बदलतो. कंट्रोलरच्या मायनसवरून पट्टीच्या मायनसला एक वीतभर वायर जोडली की पट्टी सरळ होते. पोरं थक्क होऊन बघतात, आणि नवी पट्टी न घेता परत जातात, याचा मला खरोखर आनंद होतो.

पहिल्याच दिव्यापासून सगळंच बिघडलेलं असेल आणि मायनस ठीक असेल, तर डेटाचा जोर बघायचा. अभियांत्रिकीची मुलं हल्ली ईएसपी ८२६६ किंवा ईएसपी ३२ च्या बोर्डावर स्वतःच कंट्रोलर बनवतात, मोबाईलवरून रंग बदलतात. कौतुकाचं काम आहे. पण हे बोर्ड डेटा देतात ३.३ व्होल्टचा, आणि पाच व्होल्टवरची डब्ल्यूएस २८१२ बी 'एक' मानते तो पुरवठ्याच्या सात-दशांशाला, म्हणजे ३.५ ला. नियमाने चालायलाच नको. टेबलावर चालते, कारण चिपा थोड्या उदार असतात. मंचावर दहा फुटांची तार, शेजारून जाणारी फोकसची वायर आणि रात्रीचा गारवा आला की तो उदारपणा संपतो. खरा उपाय ७४ एचसीटी १२५ ही छोटी आयसी, ती ३.३ चे पाच करून देते. ती मिळाली नाही तर एक जुगाड आहे, पण गणिताला पक्का : पट्टीचा एक पिक्सल कापून वेगळा करा, तो पहिला लावा आणि त्याच्या प्लसमध्ये ४००७ चा डायोड टाका. डायोडमध्ये ०.७ जातात, पिक्सलला मिळतात ४.३, त्याचा सात-दशांश ३.०१. आता ३.३ त्याला स्वच्छ ऐकू येतात, आणि तो पुढे ४.३ चा ताजा डेटा देतो, जो बाकीच्या पट्टीला पुरतो. ४००७ डायोड एक-दोन रुपयांत कुठल्याही रेडिओ-टीव्हीवाल्याकडे मिळतो, आलापल्लीलाही आणि सिरोंच्यालाही.

डेटाच्या तारेत, पट्टीच्या अगदी तोंडाशी, ३३० ओहमचा रेझिस्टर घाला. वेगाने चढणारा-उतरणारा संकेत तारेच्या टोकावर आपटून मागे फिरतो, तो याने शमतो. प्लस-मायनसमध्ये १००० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावा. डेटाची तार मायनसच्या तारेसोबत पिळून न्या, २३० व्होल्टच्या केबलला बांधू नका. कंट्रोलर साउंडवाल्याच्या टेबलावर असलाच पाहिजे असा मंडळांचा हट्ट असतो. तो हट्ट सोडा, कंट्रोलर मंचाला चिकटून ठेवा.

मधूनच फडफड सुरू होत असेल तर फार विचार करायचा नसतो. शेवटचा नीट चालणारा दिवा आणि पहिला बिघडलेला दिवा, या दोघांतच दोष असतो. जोड बोटाने दाबून बघा, सोल्डर तडकलं असेल तर लगेच कळतं. पिकअपमध्ये कोंबून खड्ड्यांतून आणलेल्या मालाला जोडच आधी दगा देतात, आणि क्लिपवाले तयार कनेक्टर त्याहून आधी. जोड ठीक असेल तर त्या दोनपैकी एक पिक्सल कापून काढा, पट्टीवरचा डेटाचा बाण बघून पुन्हा जोडा. बाण उलटा लागला तर पुढचं काहीच पेटणार नाही. तयार कंट्रोलरमध्ये चिपचं नाव चुकीचं निवडलं असेल तरी असाच धिंगाणा होतो, कारण डब्ल्यूएस २८११ दोन वेगांत चालते, ४०० आणि ८०० किलोहर्ट्झ.

कधी सगळी पट्टी एका तालात विझते, पेटते, पुन्हा विझते. ही फडफड नव्हे. एसएमपीएसवर भार जास्त झाला आहे आणि तो स्वतःला वाचवतो आहे. किंवा मागून येणारी लाइनच खाली गेली आहे. गावाच्या टोकाला, डीपीपासून लांब मांडव असला आणि रात्री शेतातले पंप सुरू झाले की २३० चे १७० होताना मी मीटरवर पाहिलेत. स्वस्त एसएमपीएसवर ११०-२२० चं बटण असतं. त्यातले बरेच १८० च्या खाली तग धरत नाहीत. बटण ११० वर सरकवून बघू नका, लाइन परत चढली की तो फुटेल. नाटकाच्या रात्री जनरेटरवर जा, किंवा ८५ ते २६४ व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस घ्या.

गणपतीच्या दिवसांतला बिघाड निराळा असतो. आमच्याकडचा पाऊस मांडवाच्या प्लास्टिकला जुमानत नाही. जोडात ओल शिरते, तांबं हिरवं पडतं, आणि सकाळी ठीक असलेली पट्टी संध्याकाळी दव पडलं की नाचते. जोडावर सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं लावू नका. त्यातून सुटणारं ॲसिड तांबं खातं, आणि आपण ज्याला वाचवायला गेलो तोच जोड महिन्याभरात जातो. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब मागून घ्या.

पाच व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून लोक सगळ्याच वायरींशी बिनधास्त वागतात. याची मला फार काळजी वाटते. एसएमपीएसच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतातच, अनेकांची टर्मिनलची पट्टी उघड्या स्क्रूंची असते आणि तो ओल्या जमिनीवर ठेवलेला असतो, जिथे लहान मुलं खेळतात. त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लावा, अर्थिंग द्या, तो लाकडी खोक्यात जमिनीपासून वर ठेवा. दुसऱ्या बाजूला पाच व्होल्ट आणि चाळीस अँपिअर. शॉक नाही, पण शॉर्ट झाला तर बारीक वायर लाल होते आणि मांडव कापडाचा आहे. पट्टीच्या प्रत्येक फाट्याला फ्यूज हवा. या एका बाबतीत मी मंडळाशी पैशांची घासाघीस करत नाही, फ्यूज नसेल तर पट्टी जोडूनच देत नाही.

नाटकाचे व्हिडिओ आता सगळेच मोबाईलवर काढतात, आणि "बघा ताई, यात पट्टे येतात" म्हणून तक्रार येते. नुसत्या डोळ्यांना स्थिर दिसत असेल तर पट्टीत काही दोष नाही. चिप उजेड कमी-जास्त करते ती दिवा सेकंदाला चारशे वेळा किंवा त्याहून अधिक चालू-बंद करून. कॅमेरा चित्र ओळीओळीने वाचतो, त्यात ते चालू-बंद पकडलं जातं. मोबाईलमध्ये शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर आणलं की पट्टे बरेच निवळतात.

होळीच्या सुमारास हंगाम उतरला की माल आवरायला मंडळात कुणाला उत्साह नसतो, आणि पुढच्या वर्षीचे निम्मे बिघाड तिथेच तयार होतात. पट्टी हातावर करकचून गुंडाळू नका, तुटलेल्या सायकलच्या रिमवर सैल गुंडाळा. जोड पुसून, वाळवून ठेवा. पत्र्याच्या छपराखाली नको, चंद्रपूरचा मे ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वरचं आवरण पिवळं पडून सुटतं. प्रत्येक गुंडाळीला चिठ्ठी बांधा : किती व्होल्ट, कुठली चिप, किती पिक्सल, कुठला जोड दुरुस्त केलेला. पोरं बदलतात, काही नागपूर-पुण्याला कामाला निघून जातात, आणि पुढच्या गणपतीला ती गुंडाळी उघडणाऱ्या नव्या पोराला पाच व्होल्टची पट्टी बाराच्या एसएमपीएसवर लावण्यापासून ती चिठ्ठीच वाचवते.